शहाण्या मुलांचे गुण: बीडमधल्या एका प्रश्नावलीच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

काम सुरू. अत्याचार सोसलेल्या आठ ते सतरा वयाच्या मुलांच्या मनावर त्याचं काय आणि किती उरलंय, हे समजून घेण्यासाठी इथल्या मुलांना कळेल अशी मराठी प्रश्नावली करायची. बीड जिल्ह्यातलं एक बालगृह आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांची दोन वसतिगृहं. आम्ही चौघं: मी (पुण्याची, मानसशास्त्रवाली), दोन समाजकार्यकर्त्या, त्यातली एक पाटोद्याकडची, आणि आकडेमोडीसाठी एक जण. तो फक्त फोनवर भेटतो.

पाया म्हणून क्राइज-१३ घेतलीय. नॉर्वेतल्या बर्गनच्या ‘चिल्ड्रन अँड वॉर फाउंडेशन’ची ही मोजपट्टी. तिचं मूळ होरोविट्झ यांनी १९७९ मध्ये मोठ्या माणसांसाठी केलेल्या मोजपट्टीत आहे. निवडण्याची कारणं तीन. फुकट आहे. छोटी आहे. आणि ‘काय झालं ते सांग’ असं ती मुलाला कुठेही विचारत नाही. खरं तर तिसरं कारणच पहिलं.

तेरा प्रश्न, तीन गट: नको असताना आठवणं, आठवण टाळणं, आणि शरीर सतत ताणलेलं असणं. उत्तराला ०, १, ३ किंवा ५ गुण. पहिल्या दोन गटांच्या आठ प्रश्नांत मिळून १७ किंवा जास्त झाले तर मुलाला तज्ज्ञाकडे न्यायचं.

१९ जून

भाषांतराच्या आधी शब्द गोळा करायचे ठरलं. रवांडा आणि युगांडात संशोधक पॉल बोल्टन यांच्या गटाने असंच केलं होतं: आधी लोकांना त्यांच्या शब्दांत बोलू द्यायचं, मोजपट्टी मागाहून. रवांडातल्या लोकांनी ‘अगाहिंदा गकाबिजे’ म्हणजे पराकोटीचं दुःख असं एक नाव दिलं आणि त्याखाली येणारी लक्षणंही सांगितली. आपणही पाश्चात्त्य निदानाचं नाव बाजूला ठेवून सुरुवात करू.

आशाताई, अंगणवाडीच्या बाई, दोन आज्या, एक शिक्षक. स्वतःच्या घरातलं काही विचारायचं नाही. एवढाच प्रश्न: लेकरावर असं काही गुदरलं तर त्याच्यात काय फरक दिसतो? एक उत्तर, एक चिठ्ठी.

झोपेत बरळतं. दचकून उठतं. दात खातं. अंथरूण ओलं करतं. जेवण तुटतं. पोट दुखतं म्हणतं, डॉक्टरला काही सापडत नाही. नजर देत नाही. अंगाला हात लावू देत नाही. सारखं आईच्या पदराला. चिडकं होतं. ‘भ्यालंय ते.’ एका आजीने सांगितलं, ‘लेकरू हाय, पन लेकरावानी ऱ्हात न्हाई.’ ही चिठ्ठी कुठल्याच ढिगात बसेना. तशीच बाजूला ठेवली.

३ जुलै

भाषांतर झालं. मीच केलं. पुण्यातल्या एका मैत्रिणीने मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेलं. जवळपास शब्दाला शब्द जुळला. आम्ही खूश.

९ जुलै

खूश होण्यासारखं काही नव्हतं. शाळेतल्या नऊ मुलांसोबत (अत्याचाराशी संबंध नसलेली, साधी ओळखीची मुलं) एकेक वाक्य वाचून ‘यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग’ असं केलं.

‘तुझ्या मनात भावनांच्या लाटा येतात का?’ एक मुलगा: ‘उष्णतेची लाट का, बाई?’ बाकीच्यांना तेही सुचलं नाही. बीडच्या मुलाने समुद्र कुठे पाहिलाय?

‘मनात चित्रं येतात का?’ ‘हो, मला चित्रकला आवडती.’

‘गरज नसतानाही तू सावध असतोस का?’ हे ऐकताच एक पोरगा ताडकन उठून पाय जुळवून उभा राहिला. सावधान, विश्राम. आम्ही हसलो, तोही हसला. पण हा प्रश्न तसाच छापला असता तर त्याला पूर्ण पाच गुण मिळाले असते आणि शाळेच्या कवायतीपायी तो आजारी ठरला असता.

उलट भाषांतर जुळलं म्हणजे काय? तर लाटेची पुन्हा लाटच झाली, एवढंच. दोन शिकलेल्या बायका एकमेकींचं मराठी समजू शकतात, हे त्यातून सिद्ध झालं. ते मला आधीही माहीत होतं.

नवीन मसुदा, पाटोद्याच्या सहकारीणीच्या तोंडचा: ‘ते आठवलं की एकदम भरून येतं का?’ ‘नको असताना डोळ्यांसमोर येतं का?’ ‘कुणी मागून आलं, आवाज झाला, तर छातीत धस्स होतं का?’

११ जुलै

‘लक्ष केंद्रित करणं’ गेलं, ‘अभ्यासात मन लागत नाही का?’ आलं. इथे नेपाळच्या कामाचा उपयोग झाला. संशोधक ब्रँडन कोर्ट आणि सहकाऱ्यांनी तिथे दाखवून दिलं की लोक ‘मन’ आणि ‘दिमाग’ वेगळं धरतात. मन दुखलं तर सांगता येतं. दिमाग बिघडला म्हटलं की अब्रू जाते. आपल्याकडेही तेच. मन लागत नाही, मन उडालं, मन खातं, हे कुणीही म्हणेल. ‘डोक्यात विचार येतात का?’ म्हटलं की मूल लगेच ‘नाही’ म्हणतं, कारण डोक्याचं म्हणजे वेडाचं. सगळ्या प्रश्नांतून ‘डोकं’ काढलं.

२३ जुलै

‘त्या घटनेला’ म्हणायचं काय? अख्खा दिवस यात गेला.

‘घटना’ वर्तमानपत्री. ‘प्रसंग’ म्हटल्यावर सातवीतली मुलगी हात मागे बांधून सुरू झाली: ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग...’ शिवाय मोठ्यांच्या कानाला ‘अतिप्रसंग’ ऐकू येतो. ‘ती गोष्ट’ म्हटलं तर धाकटी मुलं सरसावून बसली: ‘कोणती गोष्ट? सांगा ना.’ ‘अत्याचार’ हा शब्द मुलांना टीव्हीवरून ठाऊक आहे, पण तो दुसऱ्या कुणावर होतो. आपल्यावर झालेल्याला मुलं म्हणतात ‘घाण काम’, ‘वाईट वागले’, ‘चेष्टा केली’. एका मोठ्या मुलीने फक्त ‘तसलं’ म्हटलं. माराला तर नावच नाही, मार म्हणजे रोजचंच. ‘मारलं नाही, दोन ठेवून दिल्या.’

शेवटी नामच गाळलं. ‘ते जे झालं.’ मूल स्वतः ज्याला ‘ते’ म्हणत असेल, ते. व्याकरण अर्धवट, पण प्रत्येकाला कळलं.

६ ऑगस्ट

आज स्वतःचीच लाज वाटली. आमच्या सुरुवातीच्या परिच्छेदात वाक्य होतं: ‘तू जे सांगशील ते मी कुणालाही सांगणार नाही.’ कुठल्याशा जुन्या प्रश्नावलीतून उतरवलेलं. हे खोटं आहे. पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ज्या मुलाला एकदा मोठ्या माणसाने फसवलंय, त्याच्याशी आमचं बोलणं थापेनेच सुरू होणार होतं.

नवीन: ‘तू मला काही सांगितलंस तर ते मी जपेन. पण तुला कुणी इजा करतंय असं कळलं, तर मला ते कळवावंच लागेल. कुणाला आणि कधी, ते आधी तुला सांगेन.’

चाचणीत एक मुलगा हे ऐकून म्हणाला, ‘मग मी नाही सांगत.’ ठीक आहे. त्याचा हक्क. आमचे तेरा प्रश्न ‘काय झालं’ न विचारताही विचारता येतात.

संमतीचंही पक्कं केलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वयाच्या मुलाची तोंडी, त्यावरच्यांची लेखी, शिवाय पालकाची. बालगृहातल्या मुलांसाठी बाल कल्याण समितीची परवानगी. आणि ‘नको’ म्हणायला सोपं जावं म्हणून दारावर लाल-हिरवी चकती. मुलाने लाल केली की आम्ही उठायचं.

२२ ऑगस्ट

बदलापूर. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारावरून मंगळवारी लोक रुळांवर उतरले, आता प्रत्येक शाळेला ‘गुड टच बॅड टच’ हवंय, तेही याच आठवड्यात. तीन शाळांचे फोन. नाही म्हणवत नाही. पण आमच्या कामात एक अडचण झालीय: मुलं पाठ झालेली उत्तरं देतात. ‘वाईट स्पर्श झाला तर नाही म्हणावे, पळावे, सांगावे.’ ज्याला पळता आलं नाही, त्याने हे घोकताना काय समजायचं, हे त्या पोस्टरवर कुठेच लिहिलेलं नसतं.

३ सप्टेंबर

काल पोळा. वसतिगृहं रिकामी. काम नाही.

१९ सप्टेंबर

‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, वारंवार.’ क्वचित हा शब्द आठवीखाली कुणालाच येत नाही. कधीमधी आणि कधीकधी यांत फरक काय, हे मलाही सांगता आलं नाही.

म्हणून चार वाट्या. चिंचोके टाकले: एकीत शून्य, मग एक, तीन, पाच. गुणही तेच, म्हणजे बेरीज सोपी. मुलाने बोट ठेवायचं. फार हुशारी वाटली स्वतःची. दुपारपर्यंत एक पोरगा प्रत्येक प्रश्नाला पाचाचीच वाटी दाखवत होता. विचारलं तर म्हणाला, ‘जास्ती चिंचोके म्हंजी जिंकलो ना?’

चिंचोके बाद. नदीतले खडे आणले. धान्यात खडा कुणालाच नको असतो. तो जिंकायचा नसतो हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्याच पोराने वेगवेगळ्या वाट्या दाखवल्या.

‘गेल्या सात दिवसांत’चंही जुळलं. गावाकडच्या मुलांना ‘मागच्या बाजारापासून’ म्हटलं की बरोबर सात दिवस कळतात. बालगृहात बाजार नाही, तिथे ‘मागच्या रविवारपासून’.

१० ऑक्टोबर

या प्रकल्पात मला जे काही कळलंय, त्यातलं बरंचसं आज कळलं.

बालगृहातल्या मावशींना (पंधरा वर्षं काळजीवाहक, मुलांच्या बारीक सवयी तोंडपाठ) विचारलं: तुम्हाला कोणत्या मुलांची काळजी वाटते, आणि कोणती आता सावरली असं वाटतं? काळजीच्या यादीत चार वांड पोरं. सावरलेल्यांत पहिलं नाव एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीचं. ‘ती एक नंबर. आल्यापासून एकदा रडली नाही. सांगितलं तेवढं करती. काही मागत नाही, ताटात पडंल ते खाती. सगळ्या अशा असत्या तर!’

त्या मुलीच्या वाट्या: झोप, पाच. डोळ्यांसमोर येणं, पाच. धस्स होणं, पाच. बोलायचं टाळणं, पाच. शेवटी मी ‘दमलीस का?’ विचारलं तर ‘नाही, तुम्ही सांगाल तोवर बसते’ म्हणाली. चकती शेवटपर्यंत हिरवीच होती. लाल करायची असते हे तिला समजलं होतं. आपल्याला करता येते, हे नव्हतं.

आपल्याकडे शहाणं मूल म्हणजे त्रास न देणारं मूल. आवाज चढवत नाही, हट्ट करत नाही, परत उत्तर देत नाही. आणि मन बधिर झालेलं मूल बाहेरून हुबेहूब तसंच दिसतं. आत काय जळतंय ते मावशींना दिसावं कसं? त्यांना दोष नाही. याच गुणांसाठी लहानपणी माझीही वाखाणणी झालीय.

क्राइजमध्येही बधिरपणाचा एकही प्रश्न नाही. आठवणं, टाळणं, ताण, संपलं. २०१३च्या डीएसएम-५ मध्ये (अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची पुस्तिका) मन मरगळणं, आवडीनिवडी उडणं यांचा वेगळा गट झाला, पण तिथलं ‘रस कमी होणं’ इथे कसं विचारायचं? रस घ्यायला या मुलांना होतं काय?

तेव्हा जूनमधली ती एकटी चिठ्ठी काढली. लेकरावानी ऱ्हात न्हाई.

१४ ऑक्टोबर

मुलांना सांभाळणाऱ्या मोठ्यांनी भरायचं वेगळं पान. क्राइजमधलं काही नाही, पूर्ण इथलं. मावशींसोबत बसून केलं, निम्मे प्रश्न त्यांचेच.

हट्ट करते का? काही हवं असलं तर मागते का? भूक लागली तर सांगते का, की वाढेपर्यंत गप्प? खेळात चिडते, भांडते का? अंगाला लागलं तर सांगायला येते का, की आपल्याला नंतर दिसतं? बोलावलं नसताना कुणाजवळ जाऊन बसते का?

इथे ‘नाही’ला गुण. हट्ट न करणं हे लक्षण आहे, असं लिहिताना आकडेमोडवाल्याने फोनवर दोनदा विचारलं, उलटं तर नाही ना लिहिलंत?

सावधगिरी म्हणून: वसतिगृहात अशाच दोन शांत मुली सापडल्या, दोघींच्या वाट्या जवळपास रिकाम्या. त्यांचा स्वभावच शांत. गप्प मूल दिसलं की आता मलाच शंका येते, हा नवा आजार. म्हणून या पानावरून काहीही ठरवायचं नाही. फक्त कुणाशी आधी बोलायचं ते ठरवायचं.

२४ ऑक्टोबर

एका मुलाच्या गळ्यात दोन ताईत. झोपेत ओरडायला लागल्यावर घरच्यांनी ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून देवऋषीकडे नेलं होतं. लिंबू उतरवलं, अंगारा दिला. माझ्या डोक्यात लगेच भाषण तयार. सहकारीणीने हात दाबला. तिचं बरोबर होतं. लिंबू उतरवणाऱ्या घराने निदान हे ओळखलंय की पोरात बदल झाला, आणि तो कधीपासून. ‘कुणाकडे दाखवलं का? काय म्हणाले?’ हा प्रश्न पालकांच्या माहितीत घातला. ‘दृष्ट काढली का?’ विचारलं की आया मोकळ्या होतात. ‘मानसिक त्रास आहे का?’ विचारलं की दार बंद. मारहाण, चटके असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कायदा आहेच.

४ नोव्हेंबर

काल भाऊबीज. बालगृहात या आठवड्यात घेतलेली सगळी पानं बाजूला ठेवली. दचकण्याच्या प्रश्नाला सगळ्यांचे पाच. फटाके! बाहेर सुतळी बॉम्ब फुटत असताना मीही तीन-चारदा दचकले. कॅलेंडर न बघता तारखा लावणारी मीच.

२१ नोव्हेंबर

काल मतदान, शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीत. १५ तारखेपासून गाळप सुरू, टोळ्या गेल्या. वसतिगृहात राहतील म्हणून धरलेल्या मुलांपैकी निम्मी आईबापांबरोबर कारखान्यावर गेली: धाकटं भावंड सांभाळायला कुणीतरी हवं. आता मार्च-एप्रिलपर्यंत भेट नाही. पुन्हा तीच प्रश्नावली दोन आठवड्यांनी घेऊन उत्तरं टिकतात का बघायचं होतं. ते बालगृहापुरतंच राहिलं.

१७ डिसेंबर

‘ते जे झालं’ म्हणजे मुलाच्या मनात नेमकं काय असतं, हे बघायला मोठ्या मुलांना विचारलं: तुझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट काय होतं? तपशील नको, फक्त नाव दे.

आम्ही धरून चाललेलो, अत्याचार. एक मुलगी म्हणाली, ‘इथं आणलं ते.’ दुसरी: ‘आई म्हणाली तू खोटं बोलतीस.’ एक मुलगा: ‘पोलीस गाडीत बसवलं, सगळं गाव बघत होतं.’ बालकाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात नसावं असं पॉक्सोचं कलम २४ म्हणतं. गाडीच्या रंगाबद्दल काही म्हणत नाही.

म्हणजे एकाच मुलीच्या वाट्या कशाबद्दलच्या, ते दर वेळी वेगळं असू शकतं. प्रश्न बदलले नाहीत. वर एक ओळ वाढवली: ‘मूल कशाला “ते” म्हणतंय: त्याच्याच शब्दांत, त्याने सांगितलं तरच.’

१६ जानेवारी २०२५

पडताळणी. मोजपट्टी बरोबर आहे हे कशाशी ताडून ठरवायचं? झांबियात लुसाकामध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लॉरा मरे आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडीची (आघातानंतर उरणाऱ्या ताणाची) यूसीएलए नावाची मोजपट्टी पडताळली (निबंध २०११चा) तेव्हा त्यांच्यापुढेही हेच होतं: तज्ज्ञच हाताशी नसतील तर तज्ज्ञाचं निदान आणायचं कुठून? आम्हाला एक बालमानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून दोन दिवस मिळाले. त्यांनी गुण न बघता मुलांशी बोलायचं, मग दोन्ही शेजारी ठेवायचं.

आकडेमोडवाल्याशी भांडण. त्याला १७ची रेषा हवी; सगळीकडे तीच वापरतात. माझं म्हणणं, ती आपल्या मुलांवर आखलेली नाही, आणि आपल्याकडे जेवढी मुलं आहेत तेवढ्यावर नवी आखणं म्हणजे थाप. तोडगा: रेषा नाही. १०च्या वर सगळ्यांशी माणूस बोलणार, मोठ्यांच्या पानावर खुणा असतील तर १०च्या खालच्यांशीही. त्याला हे ढिसाळ वाटतं. आहेच.

६ फेब्रुवारी

ज्याची भीती होती ते आलं. एका प्रकरणात बचाव पक्षाकडून विचारणा: मुलीचे गुण कमी आहेत असं कळतं, ते कागद मिळतील का? कुठून कळलं, देव जाणे. गुण कमी म्हणजे त्रास नाही, आणि त्रास नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं गणित. उद्या कुणी अत्याचारग्रस्तांना सरकारी मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेच्या अर्जाला जास्त गुणांचं पान जोडायला मागेल, तेही तेवढंच चूक. ही प्रश्नावली घडलं का, हे सांगूच शकत नाही.

वकिलांशी बोललो. पानावर ठळक ओळ: ‘ही नोंद उपचाराच्या गरजेसाठी आहे. घटना घडली किंवा घडली नाही याचा हा पुरावा नाही.’ गुणांची चौकट पहिल्या पानावरून उचलून वेगळ्या चिठ्ठीवर. मुलाचं नाव कुठेच नाही, सांकेतिक क्रमांक फक्त.

२५ फेब्रुवारी

मावशींचा फोन, तक्रारीच्या सुरात. ती एक नंबरवाली आज बादलीवरून भांडली, दुसरीचा वेणीचा रिबन ओढला. ‘बिघडली का काय कळंना.’ मग जरा थांबून, ‘तुमच्या त्या पानावर हे कुठं लिहायचं?’

११ मार्च

पाचवा मसुदा छपाईला. मुलांचं पान तेरा प्रश्नांचं, मोठ्यांचं अकरा. पोटदुखीचा प्रश्न घेतला नाही. जंत आणि उपास यांच्यातून तो वेगळा काढता येईना. ‘स्वतःची चूक वाटते का?’ हाही गाळला. मोठ्या माणसाने विचारलं की मुलं हो म्हणतात, आणि तो ‘हो’ खरा की आज्ञाधारक, हे ओळखायची युक्ती सापडलेली नाही. कोकणात किंवा विदर्भात कुणी वापरणार असेल तर हे शब्द चालणार नाहीत, पुन्हा पहिल्यापासून चिठ्ठ्या.

टोळ्या परतायला लागतील, तेव्हा वसतिगृहातली राहिलेली मुलं. पंधरा पिशव्या शिवून घेतल्या. प्रत्येकीत चार वाट्या आणि बिंदुसरा नदीतले नऊ खडे, धुतलेले. मोजताना एका पिशवीत आठच निघाले.